मांडणीवर राहिलेले बूट

शनिवार
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काळजीने नाही, आनंदाने. बेटावर दोन खोल्यांचं घर, पुढे समुद्र, मागे जंगल. छकुली बोटीत ओकली आणि उतरल्या उतरल्या टरबूज खात खिदळायला लागली. इथे फोनला रेंज नसते म्हणून दादाने ही वही दिली. म्हणाला, मनातलं लिहीत जा, शुद्ध-अशुद्ध बघत बसू नकोस. ह्यांना जंगलात राखणदारी, मला फाटकावर काम.

सोमवार
काम सोपं आहे. पाहुण्यांचे बूट मांडणीवर ठेवायचे, त्यांना इथले रबरी बूट द्यायचे. ते आत फिरून येईपर्यंत मी त्यांचे बूट ब्रशने घासते. बुटाच्या तळाला चिकटून बाहेरचं बी आत गेलं की रुजतं, आणि इथली झाडं मारतं. अशी झाडं जगात दुसरीकडे नाहीत म्हणे. फाटकावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, बाहेरचं काही आत जगू द्यायचं नाही, एवढंच ध्यानात ठेव. नवं हॉटेल झाल्यापासून रांगच लागते. बाई म्हणतात, बाजार भरवलाय नुसता.

बुधवार
शेवटची बोट गेली तरी मांडणीवर एका बाईचे लाल बूट तसेच. विसरली असेल, मोठ्या बाई म्हणाल्या. अनवाणी बोटीत चढताना कळलं नाही होय तिला? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं, अगदी आईवर गेलीस.

शुक्रवार
आज आणखी दोन जोड राहिले. रबरी बूट मात्र सगळे जागेवर. एकात हात घातला तर ओली माती, आणि केसासारखी पांढरी मुळं. एक माझ्या बोटाला गुंडाळलं. वाऱ्याने असेल.
बुटात कुठला वारा.

शनिवार
बाईंना तोंडावर विचारलं, माणसं गेली कुठे. चहा गाळता गाळता म्हणाल्या, जंगलाच्या कामी आली. मग म्हणाल्या, तुझ्या घरामागे टरबुजाचे कोंब आलेत, लेकीने बिया थुंकल्या ना गं?
मी धावत जाऊन सगळे उपटले. पण त्यांनी बघितलेत.

रविवार
माहेरी जाते म्हटलं. हे म्हणाले, बोट दुरुस्तीला गेलीय. मला खिडकीतून ती धक्क्याला बांधलेली दिसतेय. धक्क्यावर थोडी रेंज मिळते म्हणे, पण माझा फोनही ह्यांच्याकडेच —

सोमवार
ह्यांनी छकुलीला रबरी बूट आणले. एवढेसे. बरोबर मापाचे. बाईंनी मुद्दाम मागवले म्हणे. तिचे पाय नीट घासून घे म्हणाले, नखांत सुद्धा —
माझ्याकडे बघत नव्हते.

मंगळवार
बसल्या बसल्या डोळा लागला. छकुली नाही. हे नाहीत.
मांडणीवर तिच्या चपला. घासलेल्या. मी नाही घासल्या.
फाटक उघडं आहे. आतून तिचं हसू येतंय — लांबून, आणि जमिनीतून आल्यासारखं —
मी जाते. वही माझ्या चपलांखाली ठेवते. जो कोणी वाचेल त्याने माझ्या दादाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आत लिहिलाय. त्याला सांगा, ये. पण फाटकावर बूट काढू नकोस म्हणावं, कोणीही सांगितलं तरी, मी स्वतः सांगितलं तरी —