पुन्हा उडवण्याआधी

भोर,
९ डिसेंबर २००४

प्रिय हीनाआपा,

हे पत्र तुला ठकुबाई आणून देतील. हिर्डोशीचा तांदूळ घेऊन त्या किकवीत दारोदार फिरतात, हे तुला माहीत आहेच. फोन केला की तुझ्या सासूबाई उचलतात आणि तू कामात आहेस म्हणतात, म्हणून लिहायला बसलो. आधी कच्चं लिहिलं, मग नीट उतरवून काढलं. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पूर्वीसारखी खूण कर. माझ्या निबंधांवर तू पेन्सिलीने बारीक फुल्या करायचीस, त्यांची भीती शाळा सोडली तरी गेली नाही. नववीतून घरी बसलो, पण अजून पावतीवर ‘शोभेची दारू’ लिहितानासुद्धा तू मागे उभी आहेस असं वाटतं.

अम्मीचे गुडघे थंडीने धरलेत. धाकटी फिजा शिवणाच्या क्लासला जाते आणि घरी येऊन सगळ्यांची मापं घेत बसते. दिवाळी आणि ईद यंदा एकाच आठवड्यात आल्यामुळे अब्बांची आणि माझी तारांबळ उडाली. शीरखुर्मा दारूकामाच्या शेडवरच डब्यातून खाल्ला. शेडचा पत्रा बदलला. रद्दीवाला तोच आहे, अजूनही ओला कागद मध्ये घालून वजन वाढवतो आणि अम्मी अजूनही त्याला तेच ऐकवते.

रद्दीवरून आठवण झाली. आपण दोघं पायरीवर बसून खळ लावून बाणांच्या नळ्या गुंडाळायचो तेव्हा गुंडाळणं कमी आणि वाचणं जास्त व्हायचं. रॉकेटची, उपग्रहाची बातमी दिसली की तू ते पान मांडीखाली दडपायचीस. अब्बा म्हणायचे की ह्या पोरीच्या मांडीखाली अर्धा बाण गेला. आपल्याला जगाच्या बातम्या कायम दोन-दोन महिने उशिरा कळायच्या, पण तुझ्यामुळे मला असं वाटायचं की आकाशातलं सगळं आधी आपल्याच पायरीवर येतं.

परवा मला एक पान सापडलं, ऑक्टोबरचं. अमेरिकेतल्या वाळवंटात काही खाजगी मंडळींनी लहानसं यान केलंय. मोठ्या विमानाच्या पोटाला बांधून ते उंच न्यायचं, तिथे सोडायचं, मग ते स्वतःचं इंजिन पेटवून अवकाशाच्या उंबऱ्यापर्यंत जातं आणि विमानासारखं धावपट्टीवर उतरतं. आपा, तेच यान एका आठवड्यात दोनदा जाऊन आलं. त्यासाठी मोठं बक्षीस होतं आणि अट हीच होती की तेच यान पुन्हा गेलं पाहिजे. ते फक्त उंबरा शिवून आलं, पृथ्वीभोवती फिरलं नाही. फिरायचं तर वेग कितीतरी पट जास्त लागतो आणि परत येताना तो सगळा वेग आग होऊन अंगावर घ्यावा लागतो. त्यामुळे सामान्य माणसाला परवडेल असा अवकाशप्रवास कुणी म्हणतं वीस वर्षांत होईल, कुणी म्हणतं कधीच नाही. पान मी मांडीखाली दडपलं. तू नव्हतीस, म्हणून मीच दडपलं.

तुला आठवतं, अकरावीत असताना तू अब्बांना विचारलं होतंस की दारू उडवायचा लोखंडी नळा आपण वर्षानुवर्षं वापरतो, मग बाणच एकदा उडवून का टाकायचा, तो परत येऊन पुन्हा का उडू नये? अब्बा म्हणाले, “बाण परत आला तर जत्रा पळंल की गं.” सगळे हसले. तुला राग आला. मग तू मला एकट्याला समजावलंस की भोरहून स्वारगेटला गेलेली एसटी पोचल्यावर दरवेळी भंगारात काढली, तर तिकीट कुणाला परवडेल? रॉकेटचं तेच होतं. त्यातलं इंधन महाग नसतं, टाकून दिलेली एसटी महाग पडते. ज्या दिवशी रॉकेट खाली येऊन पुन्हा वर जाईल त्या दिवशी तू खिडकीजवळची जागा धरणार होतीस. मला तू कंडक्टर केलं होतंस. दोनदा घंटी मारायची आणि डोळे मिटायचे, एवढंच माझं काम.

गेल्या महिन्यात मी खरंच तुझा कंडक्टर झालो. ते लिहायचंच टाळत होतो, म्हणून इतकी पानं अमेरिकेत घालवली.

ईदनंतरच्या आठवड्यात तू सकाळच्या पहिल्या गाडीने आलीस. हातात एकच पिशवी. अम्मीने चहा टाकला आणि किती दिवस राहणार असं विचारलं, जसं कुणीही विचारतं. तू म्हणालीस, “आता हितंच राहते म्हणते.” अम्मी चूल फुंकता फुंकता थांबली. अब्बा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभेच राहिले. दुसऱ्याच दिवशी फिजाला बघायला साताऱ्याचे पाहुणे येणार होते, हे तुला माहीत नव्हतं. थोरली सासर सोडून माहेरी बसलेली बघून ते काय म्हणतील, हे कुणी बोललं नाही, पण घरातल्या भिंतींनाही ऐकू आलं असेल. अब्बांनी मला बाजूला घेतलं. पाव्हणं येऊन जाऊ देत, मग बघू, असं म्हणाले. मी तुझी पिशवी उचलली. मला कुणी ढकललं नाही आपा, मी स्वतःच्या हाताने उचलली.

घरापासून स्टँडपर्यंत मी एकसारखा बोलत होतो. अमेरिकेच्या त्या मोठ्या यानाबद्दल, जे गेल्या वर्षी उतरता उतरता आकाशातच तुटलं, सात माणसं घेऊन. त्याच्या चौकशीचा अहवाल मी रद्दीतल्या पानांतून जुळवून वाचला होता, तो तुला सांगत होतो. ते यान आधी ट्रकसारखं सारखं ये-जा करील, त्यामुळे अवकाशात जाणं स्वस्त होईल, असं ठरलं होतं. पण परत आल्यावर आग अडवणारं त्याचं एक-एक कौल तपासायला महिनेच्या महिने जायचे आणि स्वस्त काही झालंच नाही. त्या शेवटच्या वेळी तर उडतानाच टाकीवरचा फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला होता. चित्रफितीत दिसला होता. वर असताना दुर्बिणीतून नीट बघू या असं काही जण म्हणाले, वरिष्ठांना गरज वाटली नाही. नदीवरच्या पुलावर मी हे तुला हातवारे करून सांगत होतो आणि तू तुझा डावा हात ओढणीखाली धरून चालत होतीस.

मला दिसला होता. मनगटाशी गुंडाळलेलं फडकं दिसलं होतं. चहाचा कप तू उजव्या हाताने घेतलास, ओढणी उजव्या हाताने सावरलीस, हेही दिसलं होतं. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर पिशवी घेऊन मागे फिरावं लागलं असतं.

स्टँडवर तू एकच प्रश्न विचारलास. “मग पुन्हा उडवायच्या आदी त्याला कुणी बघत न्हाई का रं?”

मी म्हणालो, बघतात की, महिनोन्‌महिने बघतात. जणू तू रॉकेटबद्दलच विचारत होतीस. तू एका हाताने दांडा धरून चढलीस, मी खिडकीतून पिशवी दिली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत होतो. आता तो हलवलेला हात आठवला की जेवणावरून उठावंसं वाटतं.

साताऱ्याचे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, पसंती आहे असा निरोपही आला. पण घरात कुणी गोड केलं नाही. त्यानंतर त्रिपुरी पौर्णिमेचं काम झालं. तिथून आणलेले नळे धुऊन या सोमवारी अब्बा आणि मी शेडवर वाजवत बसलो होतो. तुला ठाऊक आहे आपली रीत. नळा तारेला टांगायचा, खिळ्याने हलकी टिचकी द्यायची आणि ऐकायचं. टण्ण वाजला तर धड, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे. बाहेरून कितीही चकचकीत असो, बद्द वाजलेला बाजूला. तेवढ्यात ठकुबाई तांदळाचे पैसे न्यायला आल्या. टेकल्या, पाणी प्याल्या आणि अब्बांकडे न बघता म्हणाल्या, “तुमची थोरली एका हातानं भाकरी थापतीया. म्या इचारलं तर म्हनली, न्हाणीत पडले. आमची नूतन बी न्हाणीतच पडायची, सासरी हुती तवर.” लेकीला, नूतनला, त्यांनी कधीच घरी आणलंय, हे तुला माहीत आहे. मग त्या उठून गेल्या.

अब्बांनी पुढचा नळा टांगला. टिचकी मारली. बद्द. मी म्हणालो की चंपाषष्ठीला विंझरकडे मोठं काम आहे, नळे कमी पडतील, पौर्णिमेला तर हा नीट चालला होता. अब्बांनी तो तारेवरून काढला. “काल फुटला न्हाई म्हंजी उद्या फुटनार न्हाई, असं लिवून दिलंय का कुणी? न बघता परत लावायचा न्हाई.”

मी म्हणालो, “आणि आपाला? तिला तर न बघताच परत लावली आपण.”

अब्बांशी मी असं कधी बोललो नव्हतो. वाटलं, आता खिळा माझ्याच अंगावर येतो. पण ते तसेच उकिडवे बसून राहिले. नळा मांडीवर घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले, तडा कुठे आहे ते शोधत असावेत तसे. मग त्यांनी विचारलं, “मनगटच व्हतं ना? डावं?”

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं, आपा. घरी आल्यावर कळलं की अम्मीनेही पाहिलं होतं, म्हणून तिने तुला त्या दिवशी भांडी घासू दिली नव्हती. आम्ही तिघांनी पाहिलं आणि तिघांनीही कुणाला सांगितलं नाही. एकट्या फिजाला माहीत नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, “जी लोकं आपाला घरात बघून मागं फिरतील ती गेलेलीच बरी. तुमी माझ्या नावावर तिला परत धाडली व्हय?” साताऱ्याला आता अब्बांनी सरळ निरोप दिलाय की थोरली घरी येते आहे, चालत असेल तर पुढे बोलू. उत्तर अजून नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विंझरहून टेम्पो घेऊन निघू. कापूरहोळला भोरकडे न वळता सरळ किकवीला, तुमच्या दारात येऊ. न सांगता आलो असतो, पण मला भीती वाटते की टेम्पो पाहून तू आत जाशील. एकदा घरी आलेलीला आम्ही परत लावली, दुसऱ्यांदा तिने आमच्यावर का विश्वास ठेवावा? म्हणून आधी कळवतोय. पिशवी भरू नकोस, कुणाला काही सांगू नकोस, नुसती ये. जावई म्हणून खालिदभाईंशी काय बोलायचं ते अब्बा बोलणार आहेत. आधी भोरच्या दवाखान्यात हात दाखवू. तुला पुढे काय करायचं, परत जायचं की नाही, शिकायचं की आणखी काही, ते तू ठरव, घाई कुणालाच नाही. मी मात्र इंजिन चालू करायच्या आधी तुला विचारणार आहे, हात कसा मोडला ते, आणि तू सांगेपर्यंत गाडी हलणार नाही, मागे कितीही हॉर्न वाजले तरी. तुझ्यासाठी पुढची, खिडकीजवळची जागा ठेवली आहे. टेम्पोत पुढे दोनच माणसं मावतात, म्हणून मी अब्बांना विचारलं की मग तुम्ही कुठे बसणार. ते म्हणाले, “म्या बसतो मागं, नळ्यांत.”

तुझाच,
इमरान