मराठीत नसलेली कवयित्री

दोमला, गेल्या महिन्यात तुमची नात माझ्याकडे जेवायला आली होती. ताश्कंदला आम्ही सगळे विद्यार्थी तुम्हाला दोमला म्हणायचो, तुमच्याकडे गुरुजींना तेच म्हणतात. आज दुसरं काही लिहवत नाही. ती इथे कॅनडात, वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीत शिकते. आजोबांची एक हिंदुस्तानी विद्यार्थिनी त्याच गावात राहते, हे तिला वडिलांनी सांगितलं होतं. दारात बर्फाने भिजलेले बूट काढताना ती मान कलती करून हसली. ते हसणं तुमचं होतं.

वरणभात झाल्यावर तिने बॅगेतून एक पातळ पुस्तक काढलं. तुम्ही उझबेकमध्ये केलेली भाषांतरं, मूळ कवयित्री मराठी. "आंटी, ही बाई कोण होती?" तिने विचारलं. "तिकडे आजोबांचं सगळं लेखन एकत्र छापतायत. लोक म्हणतात, भाषांतरकार मोठा, पण कवी बेताचा. स्वतःच्या कविता म्हणजे नुसतं सरकारी कापसाचं आणि धरणांचं कौतुक. हे पुस्तक मात्र लोकांना पाठ आहे."

माझं उझबेक आता गंजलंय. शब्दाशब्दावर बोट ठेवत मी वाचू लागले. एक बाई गच्चीवर पापड वाळत घालते आहे. पहाटे दारावर थाप पडते, माणसं येतात, तिच्या नवऱ्याला घेऊन जातात. तो परत येत नाही, तरी ती रोज दोघांपुरतं पीठ मळते. पापड माझ्या आईचे होते, दोमला, नागपूरच्या आमच्या गच्चीवरचे! मला आठवलं, तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही पलावासाठी पिवळी गाजरं चिरताय आणि मला खोदून खोदून विचारताय, तुझी आई दुपारी काय करते, कावळ्यांना कशी हाकलते. मला वाटायचं, माझं उझबेक सुधारावं म्हणून विचारता. पण माझ्या वडिलांना कोणी कधी नेलं नाही. ते पोस्टातून रिटायर झाले आणि म्हातारे होऊन घरीच गेले. मग हा माणूस कोण?

"आजोबांचे वडील," नात हळूच म्हणाली. "त्यांना सोव्हिएत पोलिसांनी नेलं. आजोबा तेव्हा लहान होते. घरात यावर कोणी बोलत नसे."

एकदा मी सहज विचारलं होतं, तुमचे वडील काय करायचे? तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि "धडा उघड" एवढंच म्हणालात, इतक्या कोरड्या आवाजात की तुमच्या बायकोनेही वळून पाहिलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नव्हतं. कितीतरी दिवस मी तुमच्यावर रुसून होते.

"अशी कवयित्री मराठीत नाही," मी नातीला सांगितलं. "या तुझ्या आजोबांच्याच कविता आहेत." ती आधी रडली, मग हसायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आता कोणाला भ्यायचं? त्यांच्या नावाने छापा." पुस्तकासाठी मी चार ओळींचं टिपण लिहून दिलं, की या कविता तुमच्याच आहेत.

बरोबर केलं का? तुम्ही भीतीने लपलात, की परक्या बाईला पुढे केल्यावरच तुम्हाला रडता आलं? माझ्या आईच्या गच्चीवर तुम्ही तुमची आई आणून बसवलीत, याचा मला अभिमान वाटावा की राग यावा? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. आई असती तर तिला विचारलं असतं, पण तीही नाही. आणि हे पत्र पाठवायला पत्ता तरी कुठे आहे.

एक मात्र सांगते. नातीसमोर इतक्या ठामपणे बोलल्यानंतर मी पुण्याला मामेबहिणीला फोन केला. ती जन्मभर मराठी शिकवत आलेली. तिला पुस्तकावरचं नाव सांगून विचारलं, "अशी कोणी कवयित्री होती का गं?" ती म्हणाली, "नाही गं, ऐकलं नाही कधी." फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. ती कवयित्री खरंच असावी असं मला वाटत होतं.