माईक ह्यांच्या हातात

३ तारीख, मंगळवार

एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही – कुजबुजण्यानं म्हणे घशाला जास्तच ताण पडतो. स्वरतंतूंवर गाठी आल्यात. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवल्या, साखरेच्या दाण्याएवढ्या. म्हणाल्या, "आवाज पूर्ण बंद ठेवलात तर बसतील. नाही बसल्या तर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखाच राहील, असं मी सांगू शकत नाही."

मी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वयानं माझ्या लेकीएवढ्या! बसले गप्प.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, "घरी फार बोलतात का?" ह्यांनी छताकडे बघितलं.

आता हा संताप सांगू कुणाला? म्हणून हे लिहिणं. माझ्या पोटात काही राहत नाही, ते कुठेतरी काढायलाच हवं.

४ तारीख, बुधवार

नणंदेचा फोन. ह्यांनी स्पीकरवर टाकला. "काय सांगतोस दादा, वहिनी गप्प? सुटलास की तू!" हे हसले. मी पातेलं ओट्यावर आपटलं.

पण खरा घोर रविवारचा आहे. 'मोकळं बोलू', माझी फोनवरची लाइव्ह गप्पांची बैठक, आजवर एकदाही चुकली नाही. अंगात ताप असताना घेतलीय. लेकीला विमानात बसवून आले त्या संध्याकाळीही घेतलीय. एक रविवार आपण बंद ठेवला की माणसं दुसऱ्या कुणाच्या लाइव्हमध्ये जाऊन बसतात आणि तिथेच रमतात. दुसऱ्यांचं असं झालेलं मी बघितलंय.

जन्मभर ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांना लोक जोडून दिले. बोर्ड गेला, पाठोपाठ मी गेले. त्यानंतर माझं म्हणून जे काही आहे ते हेच. रविवारी संध्याकाळी माझा आवाज आला की कुठलीकुठली माणसं कान देऊन बसतात. तो आवाजच गेला तर मी कोण? फक्त एका चष्मेवाल्याची बायको.

५ तारीख, गुरुवार

लेकीचा मेसेज – "बाबांना बसव ना."

हसू आलं, तर घसा दुखला. बाबांना! चष्म्याच्या दुकानात अख्खा दिवस "हे बरं, की हे?" एवढंच विचारणारा माणूस. घरी तर तेवढंही नाही.

पण लेकीनं परस्पर ह्यांना फोन केलेला दिसतोय. जेवताना म्हणाले, "रविवारी मी बसतो. तू लिहून दे." आणि पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले. माझा घास हातातच राहिला.

६ तारीख, शुक्रवार

शिकवणी. मी लिहायचं, ह्यांनी वाचायचं.

लिहिलं – कुणाचा चेहरा दिसत नाही, फक्त गोल चित्रं दिसतात. ज्याला बोलायचं असतं तो हाताचं चिन्ह दाबतो. त्याला आत घ्यायचं, नाव सांगायचं, माईक सुरू करून द्यायचा. त्याचं झालं की माईक बंद करायचा, नाहीतर त्याच्या घरचा कुकर अख्ख्या जगाला ऐकू जातो. खाली श्रोत्यांचे मेसेज येतात, त्यातले चांगले मोठ्यानं वाचून दाखवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं – कुठे शांतता पडू द्यायची नाही. शांतता पडली की माणसं निघून जातात.

ह्यांनी सगळं दोनदा वाचलं आणि विचारलं, "शांतता का पडू द्यायची नाही?"

मी डोकं धरून बसले.

७ तारीख, शनिवार

रंगीत तालीम. लेक तिकडून ऐकायला. हे बराच वेळ छान बोलले. माईक बंदच होता.

८ तारीख, रविवार

आज जे झालं ते लिहितेच.

दोन फोन एका खोलीत ठेवले की आवाज घुमतो, म्हणून हे बाहेरच्या खोलीत आणि मी आत, कानात इयरफोन घालून. मध्ये भिंत. मी आतून ह्यांना मेसेज करायचे, असं ठरलेलं. विषय – घर बदलताना.

सुरुवात बरी झाली. माझं लिहिलेलं वाचून दाखवलं, जरा पाढे म्हटल्यासारखं, पण वाचलं. मग नर्सबाईंनी हात वर केला. ह्या माझ्या जुन्या श्रोत्या, आता नोकरीतून निवृत्त, एकट्याच राहतात. बोलायला लागल्या की थांबत नाहीत. मी एरवी गोड बोलून त्यांना बरोबर आटोपतं घेते, त्यांना कळतही नाही. आज त्यांचं कपाट जिन्यातून कसं वळलं नाही, ह्यातच त्या अडकलेल्या. श्रोते गळायला लागले. मी घाईघाईनं ह्यांना मेसेज केला – नर्सबाईंना आवरा, फार लांबवतात.

आणि ह्यांना वाटलं श्रोत्यांपैकी कुणाचा मेसेज आला! भल्या माणसानं तो मोठ्यानं वाचला. "एक मेसेज आलाय. नर्सबाईंना आवरा, फार लांबवतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

नर्सबाई गप्प. सगळेच गप्प. मी आत हात चोळतेय – बोला काहीतरी, विषय बदला, दुसऱ्याला आत घ्या! आणि हे खुशाल थांबलेले. मग म्हणाले, "हा माझ्या बायकोचा मेसेज होता. मला कळलं नाही. चुकलं आमचं. पण मला घाई नाही. तुम्ही बोला."

मग नर्सबाई म्हणाल्या, "खरं आहे त्यांचं. मी लांबवते. संपलं की फोन ठेवावा लागतो, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही."

ह्यांनी काय विचारावं? "झोपायला बरी कुठली खोली? जुनी, की नवी?" डोळे तपासताना विचारतात अगदी तसं. आणि उत्तराची वाट बघत बसले. नर्सबाई बोलत राहिल्या, पण कपाटाचं नाही, आपल्या एकटेपणाचं. गळालेले श्रोते परत आले. दुसऱ्या नव्या कुणाला घेतलंच नाही, वेळ संपली.

बाहेर आले तर हे विचारतात, "बरं झालं का?" मी लिहिलं – बरं. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

९ तारीख, सोमवार

नर्सबाईंना माफीचा मेसेज केला. त्यांचं उत्तर – "राग नाही हो. ह्यांनाच ठेवा आता."

ह्यांनाच ठेवा!

११ तारीख, बुधवार

मेसेजांचा ढीग. 'काका किती छान ऐकतात.' 'काका पुढच्या रविवारी आहेत ना?' एकीनं जाता जाता लिहिलंय, 'ताई, तब्येत सांभाळा.' इतकी वर्षं माझी घसाफोड, आणि काका एका संध्याकाळीत लाडके. अंगाचा तिळपापड होतोय. ह्यांना वाचून दाखवता येत नाही, म्हणून फोन पुढे केला. हे वाचून लाजले. ह्या वयात लाजलेले बघून मी आणखी चिडले.

आरशासमोर तोंड उघडून घसा बघितला. दिसत काहीच नाही.

१३ तारीख, शुक्रवार

आज दूधवाल्याशी बोलणार होते, जेमतेम आवरलं. जीभ आतल्या आत वळवळते. बोलायचं ते डोक्यात साठतं आणि तिथेच भांडत बसतं.

१५ तारीख, रविवार

विषय – कामावरचा पहिला दिवस. मी प्रश्न लिहून दिले होते. ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

एक बसचालक बोलायला आले. म्हणाले, नोकरीचा पहिला दिवस आणि पहाटेच आई गेली. सुट्टी मागितली तर नोकरी जाईल असं वाटलं. भावाला म्हणाले, मी येईपर्यंत थांबा, आणि बस काढली. दिवसभर माणसं चढली, उतरली. कुणाला पत्ता लागला नाही.

मी असते तर लगेच म्हटलं असतं, "अरेरे, किती कठीण," आणि कुणा हसऱ्या माणसाला आत घेतलं असतं. हे गप्प. इतके गप्प की फोन बंद पडला की काय म्हणून मी तो उघडून बघितला. मग भिंतीपलीकडून आणि फोनातून, दोन्हीकडून ह्यांचा आवाज आला.

"माझे वडील गेले तेव्हा मीही लगेच दुकान उघडलं. घरी माणसं भेटायला येत होती. मला कुणी विचारलं, कसे आहात, की बायको सांगायची, खंबीर आहेत हो ते. मग खंबीर राहणं भाग होतं. डोळे तपासायची खोली अंधारी असते. गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचत असायचं आणि मी त्याच्या मागे उभा राहून रडून घ्यायचो."

बसचालक म्हणाले, "मी आरशात बघून रडलो. मागची माणसं दिसतात ना, त्या आरशात."

पुढचं मी ऐकलं नाही. इयरफोन काढून ठेवले.

सगळं संपल्यावर बाहेर गेले आणि कागदावर लिहून समोर धरलं – मला का नाही सांगितलंत?

ह्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सांगायला आलो होतो गं. तू फोनवर होतीस. मग राहून गेलं."

१६ तारीख, सोमवार

राग जात नाही. अख्ख्या जगाला सांगितलं, आणि बायकोला कळतंय ते इयरफोनमधून! भेटायला येणाऱ्यांना पाणी कुणी दिलं? सासूबाईंजवळ कोण बसलं? सगळ्यांना फोन करून कुणी कळवलं? कुणीतरी बोलायला नको होतं का? दोघंही अंधारात उभे राहिलो असतो तर घर कुणी चालवलं असतं?

आणि मी म्हणायचे तेव्हा मला खरंच वाटायचं, हे खंबीर आहेत म्हणून.

संध्याकाळी रडले. आवाज न करता रडता येतं, हे नव्यानं कळलं.

१८ तारीख, बुधवार

आज चहा घेताना हे आपणहून बोलले! दुकानात एक म्हातारेबुवा आले होते म्हणे. सगळ्या फ्रेमी डोळ्यांवर लावून बघितल्या आणि शेवटी म्हणाले, माझ्या बायकोला ह्यातली कुठली आवडेल? ह्यांनी विचारलं, त्या कुठे आहेत? तर बाहेर बाकावर बसलेल्या, रागावून!

मला हसू आलं. ह्यांनी विचारलं, "तू असतीस तर कुठली घेतली असतीस?" आणि थांबले. मी फोन शोधला, उघडला, टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. तोवर हे चहाचा कप धरून माझ्याकडे बघत बसलेले. उत्तर वाचल्यावरच पुढचा घोट घेतला.

माझ्यासाठी असं थांबून कुणी राहिल्याचं मला आठवत नाही. मीच कधी वेळ येऊ दिली नसेल.

२० तारीख, शुक्रवार

सासऱ्यांचा चष्मा दुकानाच्या खणात आहे. हे अधूनमधून काढून त्याच्या काचा पुसतात. आज भाजी निवडताना सांगितलं. सासरे डोळे तपासून घ्यायला कधी खुशीनं यायचे नाहीत. अक्षरं पाठ करून यायचे आणि पोराला फसवायचे. "आणि मीही फसायचो. एवढं साधं मला कसं कळलं नाही?" म्हणाले. मग पुष्कळ वेळानं त्यांच्या शेवटच्या आजारातलंही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मला बोलता येत असतं तर दुसऱ्या वाक्यालाच मी म्हटलं असतं, "अहो, जाऊ द्या आता ते." आणि ह्यांनी जाऊ दिलं असतं.

भाजी निवडून झाली तरी मी उठले नाही.

२२ तारीख, रविवार

तिसरा रविवार ह्यांचा. लोक इतके की मला माझीच बैठक ओळखू येईना. मी एकही मेसेज केला नाही. पण पायांना चैन नव्हती, खोलीत येरझाऱ्या. परवा डॉक्टर. आवाज गेला असेल तर? ऑपरेशन झालं आणि घोगरा, भलताच कुणाचा तरी आवाज आला तर? माझी बैठक मला परत हवी आहे. हवीच आहे. हे कुणाला चांगलं वाटो, न वाटो.

२४ तारीख, मंगळवार

ह्यांच्या दुकानात गर्दी, म्हणून एकटीच गेले. गाठी बसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला आता, बेतानं." दवाखान्याच्या जिन्यात कुणी नव्हतं, तिथे म्हणून बघितलं – नमस्कार मंडळी. आवाज माझाच होता. तिथल्या पायरीवर बसून हसले.

घरी आले तर हे चहा ठेवत होते. मी चप्पल काढतेय तोच म्हणाले, "अगं, आज काय झालं दुकानात –" आणि मध्येच थांबले. "आधी सांग, डॉक्टर काय म्हणाल्या?"

मी फोन काढला आणि टाइप केलं – अजून काही दिवस बोलायचं नाही.

"बरं," म्हणाले. आणि राहिलेलं सांगायला लागले.