त्या टेपवर आता काय आहे

मी, नंदिनी रामाजी खोब्रागडे, निवृत्त रेडिओ निवेदिका, राहणार बल्लारपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहून ठेवते. संतापलेले माणूस शुद्धीवर असू शकते, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी विधवा भावजय कांता हिला. तिचा मुलगा प्रफुल याने त्यात नाक खुपसू नये.

२. 'उत्कृष्ट निवेदिका' ही ढाल माझ्या जुन्या साहेबांना परत. "पाहुण्याले रडवा बाई, लोक कान लावून आयकतात," असे ते म्हणायचे. मी कुणाला रडवले नाही, म्हणून माझा कार्यक्रम दुपारच्या झोपेच्या वेळेला ढकलला. ढाल त्यांनी उशाला घ्यावी.

३. माझ्या आठवणींचे पुस्तक. हे नीट वाचा. मुलाखतीआधी आवाज तपासायला मी प्रत्येकाला एकच विचारायची, "काय जेवलात?" झाडीपट्टीच्या नाटकांतली एक नटी, जिला पाहायला गावेच्या गावे लोटायची, या साध्या प्रश्नावर कोसळली. बोलतच सुटली. टेप फिरत होती. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "बाई, हे इथीच राहू द्या." मी शब्द दिला. ती काय बोलली, ते इथेही लिहिणार नाही.

प्रफुल माझे हस्तलिखित टाइप करत होता. टेप त्याच्या हाती लागली, आणि या शहाण्याने त्या नटीचे बोलणे पहिले प्रकरण करून टाकले, तेही माझ्या नावाने! वर मलाच म्हणतो, "आत्या, याच्याबिगर तुह्यं पुस्तक कोण घेऊन राह्यलं?" अरे, ती बाई जिवंत आहे. ती पाने मी चुलीत घातली. पुस्तकाचे सर्व हक्क अहेरीच्या सईदाला, जिला मी निवेदन शिकवले. ते प्रकरण कधीही छापू नये. नाही खपले पुस्तक, तर नाही खपले.

४. हेडफोनही सईदालाच. पाहुणा रडू लागला की पोरी, आधी माइक बंद कर, मग पाणी दे.

५. ती टेप मात्र प्रफुललाच. तो ऐकल्याशिवाय राहणार नाही. त्या बाईचा आवाज मी पुसला आहे. आता टेपवर फक्त माझा प्रश्न आहे : "प्रफुल, तुही माय आज काय जेवली?"

पुढची टेप कोरी आहे. उत्तरासाठी ठेवली आहे.

सही : नंदिनी रा. खोब्रागडे

बाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार : १. वहाब शेख २. हरिदास गेडाम
बल्लारपूर, १९ नोव्हेंबर २०२४