सातव्या बैठकीचं स्टूल

२ ऑक्टोबर
पोचले. ट्रक सांगितल्या वेळेला आला, एकही कप फुटला नाही, संध्याकाळी पाचला पडदेही लागले. घर छोटं आणि कोरडं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आणि जंगल औषधालाही नाही. मला हेच हवं होतं. चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यातली सव्वीस वर्षं दर शरदात उत्तरेला, येम्टलंडच्या डोंगरात मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणांची, शिकार केली. दोन्ही संपलं. आता इथे, स्वीडनच्या दक्षिण टोकाला, मी गुलाब लावणार आहे.

शेजारी रुटगेर म्हणून आहेत, निवृत्त जहाजचालक. सफरचंदाचा केक घेऊन आले आणि ‘शिकार’ लिहिलेले माझे चार खोके बघून म्हणाले, ‘‘बाई, इथे शिकारीला ससे आणि विधुर एवढंच मिळतं. ससे चपळ आहेत.’’ मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

४ ऑक्टोबर
खोके उघडले. बंदूक वसंतातच दुकानदाराकडे जमा केली, तेव्हा उरलेल्याला काही अर्थ नाही. बूट, दुर्बीण, कातडं सोलायच्या सुऱ्या, नारिंगी टोप्या, मूसच्या मादीसारखा आवाज काढायचा भोंगा. गुलाबांना यातलं काहीही लागत नाही. सगळं उद्या चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात.

५ ऑक्टोबर
तीन खोके दिले. चौथा गाडीतून उतरवला, काउंटरपर्यंत नेला आणि परत आणला. दुकानातल्या बाईंना सांगितलं की त्यात काही नाजूक आहे. खोटं. त्यात एक वॉकीटॉकी आहे आणि एक घडीचं स्टूल, पाठपिशवीला जोडलेलं, पाठीवर न्यायचं आणि बसायला उघडायचं तसलं. वॉकीटॉकी माझा. स्टूल माझं नाही.

६ ऑक्टोबर
लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असे.

आमच्या शिकारीची प्रमुख मी होते. माझ्या हाताखाली बारा माणसं, बारा बैठका, जंगलभर विखुरलेल्या. कुत्री हाका घालतात, म्हणजे जनावर हुसकावत आणतात, माणसं बसून राहतात. नियम दोनच. प्रमुखाने वॉकीटॉकीवर नाव घेऊन उठवल्याशिवाय बैठक सोडायची नाही, कारण उठून भटकणारा माणूस झुडपाआडून मूससारखाच दिसतो. आणि शेवटचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय प्रमुखाने जमायची जागा सोडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी एव्हर्ट सातव्या बैठकीवरून दहा मिनिटं उठला. पायात गोळा आला म्हणाला. सत्तरीचा माणूस, माझ्या वडिलांसोबत शिकार केलेला. मी त्याला शेकोटीपाशी अकरा जणांदेखत झापलं. ‘‘उठायचं ते मी सांगेन तेव्हाच.’’ तो म्हणाला, ‘‘बरं, बाईसाहेब.’’ सगळे हसले. तो नाही हसला.

गेल्या वर्षी १९ ऑक्टोबरला दुपारपासून ओला बर्फ पडत होता. हाका संपल्यावर मी एकेकाचं नाव घेतलं. बॅटरी उतरली की आमच्यात बोलत नाहीत, नुसतं बटण दोनदा दाबतात. दोन खटके म्हणजे हो. सातवर एव्हर्ट होता. ‘सात, ऐकू येतंय का?’ विचारलं, दोन खटके आले. तो उठला असं धरून मी यादीत खूण केली, ‘ऊठ’ म्हटलंच नाही. ते खटके दुसऱ्याच कुणाचे होते. अकराव्या बैठकीवरच्याला वाटलं मी त्याला विचारलं. दोन मूस पडले होते, मांस अंधाराआधी न्यायचं होतं, मी भिजले होते. जमायच्या जागेवर माणसं मोजली नाहीत. निघाले.

एव्हर्टची बायको गुनवोर त्या दिवशी बहिणीकडे होती. सकाळी तो सापडला. स्टुलावर ताठ बसलेला, टोपीवर चार बोटं बर्फ, मांडीवर बंदूक. रस्ता तिथून चारशे पावलांवर होता.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. पोलिसांनी दुर्दैव लिहिलं. शिकारीच्या मंडळींनी मला फुलं पाठवली आणि प्रमुख म्हणून दुसऱ्याला निवडलं. कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दफनानंतर गुनवोरने स्टूल माझ्या हातात दिलं. म्हणाली, राहू दे तुझ्याकडे, कधीतरी तुलाही वाट बघावी लागेल.

झालं लिहून. डोक्यातून गेलेलं नाही.

९ ऑक्टोबर
स्टूल कचरा-केंद्रावर नेलं. तिथला माणूस म्हणाला, चांगलं आहे की, टाकता कशाला. मी त्याच्याशी भांडले आणि स्टूल घेऊन घरी आले. मूर्खपणा. गुलाबांची रोपं आली आहेत, लावली नाहीत.

११ ऑक्टोबर
सकाळी कॉफी घेताना खोक्यातून दोन खटके आले. वॉकीटॉकीत बॅटरी नाही, ती मी जूनमध्ये काढली. उघडून पाहिलं. रिकामा कप्पा, थोडा गंज.

वॉकीटॉकी टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला. दुपारी जेवताना पुन्हा दोन.

१२ ऑक्टोबर
गुनवोरला फोन केला. स्टूल पोस्टाने पाठवते म्हटलं. तिने विचारलं, तू त्याला उठवलंस का? मला कळलं नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘‘सिगब्रिट, बाकी अकरा जणांना तू नाव घेऊन उठवलंस. माझ्या माणसाला तू अजून ऊठ म्हणालेली नाहीस.’’ फोन ठेवला.

म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. ती माझ्याच वयाची आहे.

१४ ऑक्टोबर
भरदुपारी, लख्ख उन्हात, मी सुशिक्षित बाई स्वयंपाकघरात बसून रिकाम्या डब्याशी बोलले. विचारलं, सात, ऐकू येतंय का? दोन खटके.
एव्हर्ट, तूच का? दोन.
अजून बसलेला आहेस? दोन.
थंडी वाजते का?
यावर बटण दाबलं गेलं आणि सोडलंच नाही. वाऱ्याचा आवाज येत राहिला. इथे पान हलत नव्हतं.

१५ ऑक्टोबर
रुटगेरनी बाग अजून उकरली नाही म्हणून चिडवलं. गुलाब काय कुंपणावरून उड्या मारून खड्ड्यात बसणार का, म्हणाले. मी दार लावून घेतलं. त्यांनी केक पायरीवर ठेवला. तिथेच पडून आहे.

१६ ऑक्टोबर
म्हटलं. शेवटी म्हटलं. ‘‘एव्हर्ट, हाका संपला. ऊठ. ये.’’
दोन खटके. मग शांतता. खरी. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. उद्या दोन्ही वस्तू टाकणार.

१७ ऑक्टोबर
टाकल्या नाहीत. पहाटे आठवलं. उठवलेला माणूस घरी जात नाही. आधी प्रमुखासमोर येऊन उभा राहतो.
आणि प्रमुख इथे आहे. हजार किलोमीटर—
मीच ये म्हटलं. मीच.

१८ ऑक्टोबर, सकाळ
रुटगेर दारातूनच म्हणाले की बस थांब्यावर नारिंगी टोपीतला एक म्हातारा उभा आहे. बसायला सांगितलं तर बसेना, खूप बसलोय म्हणाला. इथली प्रमुख कुठे राहते विचारत होता. तुमचं गिऱ्हाईक आलं वाटतं, म्हणून हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, त्याच्या खांद्यांवर बर्फ होता. इथे डिसेंबरपर्यंत बर्फ पडत नाही.
गाडीची किल्ली हातात घेतली होती. खाली ठेवली. एकदा निघून गेले, तेवढं पुरे.

दुपार
बागेत बसले आहे. त्याच्या स्टुलावर. दुसरं काही बाहेर नेण्याजोगं नव्हतं, आणि खरं तर मला तेच हवं होतं. शेवटचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. या वेळी नाही सोडणार. माफी कशी मागायची ते ठरवलंय. साध्या शब्दांत—

साडेतीन
रुटगेर कुंपणावरून आत चला म्हणाले. ओठ निळे पडलेत म्हणाले. त्यांना ऊन वाटतंय. माझ्या वहीवर बर्फ पडतोय, शाई फुटते.

चार
फाटक वाजलं.

आला. समोर उभा राहिला, बंदूक उघडून रिकामी दाखवली, रिवाजाप्रमाणे. टोपी काढली. मी माफी मागितली. तो ऐकत होता. मग म्हटलं, चल, आत चल, कॉफी करते, आणि उठायला लागले—

त्याने हात वर केला. अगदी सभ्यपणे.
‘‘उठायचं ते मी सांगेन तेव्हाच, बाईसाहेब.’’

टोपी घातली. वळला. फाटक लावून चालला आहे, रस्त्याने, सावकाश, पाय मोकळे करत. हाक मारते आहे. वॉकीटॉकीवर नाव घेते आहे. एव्हर्ट. एव्हर्ट, मला—

दोन खटके.

बोटं आता नीट वळत नाहीत. चारशे पावलं. दार चौदा पावलांवर आहे, मोजलीत, पण त्याने अजून माझं नाव