एकाचे झाले नऊ

प्रिय बाबा,

येत्या दिवाळीत आपल्या अबोल्याला तीन वर्षं होतील. इंजिनियर पोरगी अर्विंग शहरातली चांगली नोकरी सोडून जुन्या घरांची दुरुस्ती शिकायला शिकागोला निघाली, तेव्हा खुशाल दगड फोड म्हणालात आणि फोन ठेवलात. मीही तुमचीच मुलगी, परत केला नाही.

तर दगडांचीच बातमी. इथे सरोवराकाठी फ्रान्सच्या खेड्यातल्या एका जमीनदाराचं चारशे वर्षांचं घर आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी श्रीमंताने ते विकत घेतलं, दगडांवर आकडे घालून सुटं केलं आणि बोटीने आणून पुन्हा उभं केलं. उंच उतरतं छप्पर, बुरुजात गोल जिना, अंगणात भलामोठा कबुतरखाना. तिकडे म्हणे जितकी जमीन, तितकेच कबुतरांचे कोनाडे ठेवता यायचे. म्हणजे भिंतीवर कोरलेला सातबाराच की! तुमची इतकी आठवण आली की रागच आला.

स्वयंपाकघरातली कमान मात्र पहिल्यापासून तिरकी. बोटभर फट, त्यात सिमेंट कोंबलेलं. सगळे फ्रेंच गवंड्यांना नावं ठेवायचे. गेल्या आठवड्यात कमान उतरवली, तर दगडांच्या पाठीवर आकडे सापडले. फ्रेंच माणूस एकाला एवढी लांब शेंडी काढतो की इथल्या माणसाला तो सात वाटतो. पहिला दगड सातव्याच्या जागी, सातवा पहिल्याच्या. शंभर वर्षं बिचारे अवघडून उभे! अदलाबदल केली, कमान चपखल बसली. मी सगळ्यांदेखत नाचले.

परतताना बसमध्ये एकदम आठवलं. बाबांनी तुला पत्र टाकलंय, असं आई तेव्हा महिनाभर सांगत होती. मला वाटलं, समेटासाठी थाप मारतेय. पण तुम्ही जन्मभर मोजणी खात्यात, आकडा मराठीतच काढणार. आणि आपला एक इथे नऊ दिसतो. मी राहते एक नंबरात. तशीच वर जाऊन नऊ नंबरचं दार वाजवलं. तिथल्या आजींनी बिस्किटांच्या डब्यातून पाकीट काढलं. आधीच्या भाडेकरूचं समजून त्यांनी जपून ठेवलेलं. पत्ता दुकानात छापून घेतलेला, फ्लॅटचा आकडा तेवढा तुमच्या पेनाने.

आत चारच ओळी. रागाच्या भरात बोललो, तुझं काम डोळ्यांनी बघायचंय, बोलावशील का. जिन्यातच बसून रडले, बाबा. तीन वर्षं तुम्ही उत्तराची वाट बघत होतात आणि मी पत्राची. व्हिसाला लागणारं निमंत्रणपत्र सोबत जोडलंय. या ना. कबुतरखान्याचे कोनाडे अजून कोणी मोजलेले नाहीत, मी कोणाला हात लावू देत नाहीये. मोजणीची टेप तेवढी तुमची आणा.

तुमचीच,
सई