राजाचा कोट

११ ऑक्टोबर ९६, शुक्रवार
चार दिवसांनी ऊन. गाद्या गच्चीत टाकल्या आणि गाद्यांवर मी. सरोजा जिन्यातून म्हणाली, गादी वाळत घातलीय की माणूस? दोन्ही, म्हटलं. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून एक बरं झालं, ऊन कोणत्या वेळी कुठे येतं ते कळायला लागलं. तीस वर्षं जयनगरात लोकांचे कपडे शिवले, मान वर केली नाही.

जेवायला दोडक्याची भाजी आणि त्याच दोडक्याच्या शिरांची चटणी. स. एका दोडक्यातून दोन पदार्थ काढते आणि तिसऱ्याच्या शोधात असते. चटणी तीनदा वाढून घेतली. भाजीला राग आला असेल.

१२, शनि.
उद्या घट बसणार. दसऱ्याच्या बाहुल्या मांडायला पायऱ्या रचल्या. खाली ट्रंक, त्यावर तांदळाचे डबे, त्यावर बिस्किटांचे, सगळ्यावर माझं जुनं धोतर. स. म्हणते यंदा भोकं वाढली. बाहुल्या बसल्या की झाकतील. करवंट्यांत पेरलेली मोहरी बोटभर वर आलीय, ती बाग. फुटका आरसा म्हणजे तळं. एकही वस्तू विकत आणली नाही याचा दोघांनाही भारी तोरा.

चार वाजता ज्योती दारात. हुबळीहून, न कळवता, एकटी. जावई कुठे? "त्यांना काम आहे." बॅग मोठी. ब्लाउज खांद्यात दोन बोटं सैल झालाय. मीच शिवलेला, तेव्हा मला कळायला टेप लागत नाही. स. बॅग आत ठेवून आली आणि कानाशी म्हणाली, "बाहुल्या घेऊन आलीय. गाठोडं हाताला लागलं."

हे बरं नाही. मुलीला लग्नात राजाराणीची लाकडी जोडी द्यायची आणि तिनं ती दर दसऱ्याला आपल्या घरी मांडायची, ही इथली कानडी रीत. आम्ही मराठी खरे, पण किती पिढ्या इथलेच. जोडी इथं आली म्हणजे तिकडे यंदा पायऱ्या मांडल्या नाहीत. 

१३, रवि.
घट बसले. वर आमची जोडी, स. च्या माहेरची. दोघांची नाकं झिजलीत.

मला सुचलं, पोरीच्या जोडीला नवे कपडे करावेत. विचारपूस जमत नाही, शिवण जमतं. कातरणांचं बोचकं उघडलं. माझ्या हातून चिंधी टाकली जात नाही, स. ची जन्माची तक्रार. तिच्या विटलेल्या साडीचा काठ राणीला. राजाला राखाडी रेघांचं कापड, आमच्या राजाच्या मापानं कोट, बारका, कॉलरसकट. शिवणीत माया सोडली, पुढे सैल करायला आत थोडं जादा कापड, सवयच आहे. हात अजून चालतो.

दुपारी ज्योतीला म्हटलं, काढ तुझी जोडी. तिनं गाठोडं सोडलं. आत राणी. एकटी.

मी कोट हातात घेऊन उभा. ती कोटाकडे बघत राहिली. "अण्णा, हे त्यांच्या लग्नातल्या कोटाचं कापड."

खरंच की. तो कोटही मीच शिवलेला. बोचक्यात शंभर तुकडे होते आणि हात नेमका त्यावर पडला. राणीची साडी घेतली तिनं, नेसवून राणीला पायरीवर बसवलं, हसलीही थोडी. कोट मशीनवर राहिला. नंतर स. म्हणाली, "कातरणं सगळी जपलीत, अक्कल तेवढी टाकलीत. आता स्वल्प गप्प बसा." बसलो.

१५, मंगळ.
दोघी खाली अंगणात चिवड्याचे पोहे उन्हात पसरत होत्या. मी खिडकीत बटणं निवडत होतो. ऐकायचं नव्हतं, ऐकलं.

जावयांनी हुबळीची नोकरी सोडली. मस्कतला जायचं ठरवलं, कागदपत्रंही दिली. हिला कळलं ते शेजारणीकडून, नळावर. शेजारणीनं अभिनंदन केलं म्हणे. हिनं त्या दिवशी राजा फळीवर ठेवला, राणी उचलली आणि गाडी धरली. स. म्हणाली, सगळ्या संसारात असं एखादं होतं. ज्योती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आई."

मीही दुकान बंद करताना आधी कुलूप लावलं आणि मग घरी सांगितलं. स. त्यावर आठ दिवस बोलली नव्हती. तेव्हा वाटलं, हिला पैशाची काळजी. बटणं पुन्हा निवडायला घेतली, सगळी मिसळली होती.

१६, बुध.
परत जाणार की नाही, विचारायचं कोणी? स. म्हणते, तुम्ही बाप. मी म्हणतो, तू आई. कोणीच नाही विचारलं. उसळ झाली, खोबरं घालून.

१७, गुरु.
संध्याकाळी गल्लीतल्या मुली आल्या, गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडलेत का विचारत. गाणं म्हटलं, उसळीचे द्रोण घेतले. त्यातली एक परकरवाली ज्योतीच्या राणीपुढे उभी राहिली. हिचा राजा कुठे अक्का? ज्योतीनं तिला दुसरा द्रोण दिला. 

मुली गेल्यावर तिघं जिन्याच्या पायरीवर चहा घेत बसलो. पावडर दुसऱ्यांदा उकळलेली. चिवडा. गार वारा सुटलेला, स. नं आमच्या तिघांच्या पायांवर एकच गोधडी टाकली. ज्योतीनं लहानपणीसारखे पाय माझ्या पायांवर ठेवले, बर्फ नुसते. मला इतकं सुख झालं की लाज वाटली. पोरीचं घर तिकडे अधांतरी आणि बापाला गोधडीत मजा वाटतेय. पण वाटली, ती लिहून ठेवतो.

१८, शुक्र.
खालच्या कामाक्षीअक्कांनी हाक मारली, हुबळीचा फोन. ज्योती ओल्या हातांनीच उतरली. स. नं तेवढ्यात तव्यावर दोन पोळ्या करपवल्या.

वर आली ती डोळे पुसत आणि हसत. जावयांनी दोन डबे रचून त्यावर लुंगी टाकलीय आणि वर राजा बसवलाय. शेजारच्या मुली बघायला येतात म्हणून हरभरे उकडले, ते दगड राहिले. भिजवायचे असतात हे माहीत नव्हतं. मग म्हणाले म्हणे, "मुली विचारतात राणी कुठे. काय सांगू?"

मी विचारलं, तू काय म्हणालीस?

"माहेरी गेलीय म्हणून सांगा, म्हटलं."

मस्कतचं? तो विषय निघायच्या आत लाइन तुटली. पुन्हा लागली नाही.

२०, रवि.
आयुधपूजा. मशीन, कात्र्या, टेप, सुया ओळीनं मांडल्या. स. नं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मशीनवर पडलेल्या कोटालाही एक बोट लागलं. चुकून की मुद्दाम, विचारलं नाही. आज मशीनला हात लावायचा नसतो, तेच बरं. नाहीतर मी आणखी काहीतरी शिवून बसलो असतो.

२१, सोम.
दसरा. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून दिली-घेतली. जावयांसाठी ज्योतीनं दोन पानं पुस्तकात ठेवली, मी पाहिलं. संध्याकाळी आरती झाल्यावर राजाराणीला आडवं करतात. स. नं आमची जोडी निजवली. ज्योती आपल्या राणीला आडवी करायला गेली आणि मागे फिरली. म्हणाली, राहू दे आजच्या दिवस बसलेली.

२२, मंगळ.
आवराआवर. आमची जोडी माझ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून ट्रंकेत. धोतर पुढच्या वर्षी चालणार नाही, त्याची पुसणी करायची, असं ठरलं. मोहरीची हिरवी पानं कोशिंबिरीत. बागही खाल्ली आम्ही.

स. नं ज्योतीच्या राणीसाठी मऊ फडकं काढलं आणि ते हातात धरून उभी राहिली. राणी आमच्या ट्रंकेत जाणार की तिच्या बॅगेत, हे आता विचारावंच लागणार होतं. ज्योतीनं फडकं घेतलं तशी स. आत भांड्यांकडे गेली. ज्योतीनं राणी गुंडाळली, पण ठेवली नाही कुठेच. काखेत घेऊनच माझ्याकडे आली. मशीनवरचा कोट उचलला, उलटा केला, आतली शिवण बोटानं चाचपली.

"अण्णा, खांद्यात स्वल्प सैल करा. तिकडचा राजा आपल्या राजापेक्षा रुंद आहे."

किती, विचारलं. अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं. कधीपर्यंत हवा, विचारलं.

"सावकाश करा."

सरी, बरं, म्हटलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

दोन्ही खांदे उसवून ठेवलेत. कुंकवाचा डाग गेला नाही, जाऊ दे. शिवणार उद्या. ऊन खिडकीत साडेनऊला येतं.